हाक मारता येईल असं नाव

या आठवणीत मी कुणाचंही नाव लिहिणार नाही, एक सोडून. सासऱ्यांचं नाही, सासूबाईंचं नाही, पाळकसाहेबांचं नाही, गावाचं नाही आणि नवऱ्याचं तर नाहीच. ते एक मात्र लिहिणार, कारण त्याच्यासाठी मी घराशी आणि गावातल्या अख्ख्या ख्रिस्ती मंडळीशी वाकडं घेतलं होतं. स्तेफन. माझ्या मुलाचं नाव. तो आता स्वतः आजोबा झालाय, तरी अजून कुणी ना कुणी मला विचारतंच, की बाई, आपल्या मातीतलं एखादं साधं नाव सुचलं नाही का तुम्हाला? सुचलं होतं. दुसऱ्यांनीच सुचवलं होतं, आणि तेच मला नको होतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. माझं माहेर साताऱ्याचं. वडील पाथरवट; गावोगाव हिंडून जात्यांना, पाट्यांना टाकी लावायचे. मी मिशनच्या बोर्डिंगात शिकले, तिथल्याच शाळेत दोन वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं आणि मग कडेगावच्या बाजूच्या एका खेड्यात दिली गेले. कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. सासरची माणसंही ख्रिस्तीच, आजेसासऱ्यांपासूनची. आजेसासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा देव्हारा सोडला, जत्रा सोडली, बोकड सोडला. असं सगळं सोडल्याचा त्या घराला मोठा अभिमान होता. पण बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे काही कुणी सोडलं नाही. ते शास्त्रात कुठे लिहिलंय असं कुणी विचारलंही नाही.

मी तरी कुठे विचारलं? लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा नाव घेतलं, बायका हसल्या, मी आत गेले. त्यानंतर ते नाव माझ्या तोंडून गेलं नाही. मी त्यांना 'आवं' म्हणायची. ते पलटणीत होते. लग्नानंतर दोनदाच रजेवर आले. पत्राच्या पाकिटावर मात्र मी त्यांचं पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहायची, नंबर, पलटण, सगळं. लिहिलं तर चालतं, बोललं तर चालत नाही, असा तो न्याय. पोस्टातला म्हातारा कारकून चष्म्याशिवाय आला असला की विचारायचा, "कुनाला धाडायचं पोरी?" तर मी नावावर बोट ठेवायची. तो म्हणायचा, "दिसत न्हाई गं, सांग की." मी बोट आणखी दाबायची. शेवटी मागच्या माणसाला वाचायला लागायचं.

माझ्या सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. तेही जुने शिपाई, पहिल्या लढाईतले. आवाज असा की बांधावर उभे राहून लेकाला जेवायला हाक मारली की दोन रानं पलीकडची माणसं भाकरी सोडायला बसायची. नवरा रजेवर आला की दुपारी ती हाक यायची. मी चुलीपुढे ऐकायची. मला जे नाव घेता येत नव्हतं ते असं उघड्यावर, मोकळं, कुणीतरी घेतंय याचं मला बरं वाटायचं. हेवाही वाटायचा.

तार आली तेव्हा मला सातवा महिना होता. लढाईत नव्हे, कुठल्याशा छावणीत तापानं गेले. तार मीच वाचली, कारण घरात इंग्रजी मलाच येत होतं. आणि वाचतानाही त्या नावाशी येऊन मी थांबले. "हे... हे गेले," म्हणाले. तेवढंच. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो. माणूस गेल्याची बातमीसुद्धा त्याच्या नावानं सांगता आली नाही मला.

त्यानंतर त्या घरातून ते नाव गेलं. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ते ऐकवायचं नाही. कानावर पडलं की त्या भिंतीवर डोकं आपटून घ्यायच्या. म्हणून कुणी उच्चारीना. मामंजी बांधावर गेले तर मुकाट उभे राहायचे. बैलांनासुद्धा हाक देईनात.

आणि मी? महिन्याभरातच मंडळीत हंगामाचा सण आला. देवळात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, धान्याच्या पाट्या, गाणी, मग मांडवात जेवण. दरवर्षी मी वाढायला असायची, मग दुसऱ्या पंगतीला बसायची. त्या वर्षी मला कुणी वाढायला बोलावलं नाही. एका बाईनं हळूच हाताला धरून शेवटच्या पंगतीत नेऊन बसवलं, जिथे गावातल्या चार विधवा बसत. वाढपी तिथे येईपर्यंत भाताची खरवड उरलेली आणि आमटीत डाळ शोधावी लागत होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "सवय व्हतीया, जेव." मी पोटुशी होते म्हणून जेवले. पण मनात म्हटलं, देव्हारा सोडला तो हा माज करायला का?

बाळंतपणासाठी मला सांगलीच्या बाजूला मिशनच्या दवाखान्यात नेलं. कऱ्हाडपर्यंत कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून, चढ आला की उतरायचं आणि मोटारीमागून चालायचं. मी त्या पोटानिशी दोनदा उतरले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा झाला.

तिथे एक गोव्याची नर्स होती, रोमन, म्हणजे कॅथलिक. आमच्यात रोमन म्हटलं की माणसं जरा लांबूनच बोलत. ही मात्र बडबडी आणि हातानं मऊ. बाळाला पुसताना म्हणाली, "बाई, नावाची काळजीच नको तुला. आज स्तेफनाचा दिवस. आमच्यात ज्या संताच्या दिवशी पोर जन्मतं त्याच्या ओटीत घालतात. तो मग जन्मभर बघतो त्याच्याकडे." मी म्हटलं, आमच्यात संत मानत नाहीत. ती म्हणाली, "न मानू दे. तो काय रागावतो होय?" मग तिनंच सांगितलं की हा दगड घडवणाऱ्यांचा, गवंड्यांचा कैवारी आहे. का, तर त्याला दगडांनी मारलं. मला हसू फुटलं. ज्यानं जन्मभर दगड फोडले त्या माझ्या बापाला असला कैवारी बरा होता. डोकेदुखीवरही त्याचाच धावा करतात म्हणे.

ती गेल्यावर मी उशाचं पवित्र शास्त्र काढलं. स्तेफनाचा भाग मी शाळेत पोरांना शिकवलेला होता. पण शिकवताना माझं लक्ष नेहमी दगडांकडे असायचं, पोरांचंही. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो सुरुवातीपासून वाचला. तो माणूस आधी कोण होता? वाढपी! नव्या मंडळीत रोज जेवण वाटायचे, आणि काही विधवांना त्यातून वगळलं जातंय अशी कुरकुर सुरू झाली. म्हणून ते नीट वाढलं जावं यासाठी सात भली माणसं निवडली. त्या सातांत पहिलं नाव याचं. मी पलंगावर उठून बसले. एवढी वर्षं हे माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. कारण तेव्हा मी दुसऱ्या पंगतीत बसत होते.

पुढचं तर माहीतच होतं. मोठ्या मोठ्या पंचांपुढे त्याला उभा केला, खोटे साक्षीदार आणले. हा घाबरला नाही, की पायाही पडला नाही. त्यानं त्यांना त्यांच्याच पूर्वजांची सगळी कहाणी ऐकवली आणि शेवटी तोंडावर सांगितलं की तुम्ही ताठ मानेचे आहात, तुमचे बापजादेही तसलेच होते. मग दगड आले. मरताना त्यानं मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. ते शेवटचं मला तेव्हाही जमलं नसतं आणि आताही जमेलसं वाटत नाही. पण आधीचं सगळं मला पसंत पडलं. मी बाळाच्या कानाशी ते नाव म्हणून पाहिलं. म्हणता आलं. पुन्हा म्हटलं. कुणी अडवलं नाही.

दोन महिन्यांनी मी सासरी परत आले. मामंजींनी बाळाला मांडीवर घेतलं, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाव त्येच्या बापाचंच ठिवायचं. माझा ल्योक माघारी आला म्हनीन मी. मोठा झाला की त्याच पलटणीत घालीन. त्येच नाव पुन्यांदा हजेरीला लागंल."

आत्याबाई रडत होत्या, पण मान हलवत होत्या. आमच्या नणंदेला, वन्संना, ते फार आवडलं. मलाही दोन क्षण ते हवंसं वाटलं. आणि मग मला कळलं, हे काय चाललंय ते. पोराला बापाचं नाव दिलं, की मी ते घेऊ शकणार नाही. जन्मभर. तो मातीत खेळत असेल, विहिरीच्या काठाशी जात असेल, शाळेतून यायला उशीर झाला असेल, आणि मी दारात उभी राहून काय म्हणणार? 'आवं' म्हणणार पोराला? गावात अशा बाया होत्या. सासऱ्याचं नाव मुलाला दिलेलं, मग ती बिचारी जन्मभर 'बाळ्या', 'ए पोरा', 'अरे ह्या' करत राहायची. नवरा तर मी बिननावाचाच घालवला होता. पोरगाही बिननावाचा वाढवायचा?

मी म्हटलं, "मामंजी, मला हाक कशी मारता येईल त्येला?"

"बाळ म्हन. समदी म्हनत्यात."

"बाळ न्हाई म्हननार. नाव घिऊन हाक मारनार. मी स्तेफन ठिवनार हाय."

घरात एकदम गलका झाला. वन्सं म्हणाल्या, "इंग्रजाचं नाव? आता स्वराज्य याया लागलंय आन तू इंग्रजाचं नाव ठिवतीस?" मी म्हटलं, तो इंग्रज नव्हता, तो होता तेव्हा इंग्रजांचं राज्य कुठे होतं? आणि मग माझी जीभ सुटली. म्हटलं, "इंग्रजाच्या लढाईत मानूस द्याया चालतो, आन नाव तेवढं चालत न्हाई व्हय?" मामंजी उठून बाहेर गेले. ते बोलायला नको होतं, असं मला लगेच वाटलं. पण खोटं नव्हतं, म्हणून परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना बोलावलं गेलं. भला माणूस होता, वाद मात्र त्यांना सोसायचा नाही. ते म्हणाले, "बाई, आपण संतांना मानत नाही. आपला कैवारी एकच." मी म्हटलं, "कैवारी नको असेल तर सोबती चालेल का? माझ्या पोराला बाप नाही."  मग पिशवीतून एक जाड पुस्तक काढून त्यांनी नावाचा अर्थ पाहिला, कारण माणूस प्रामाणिक होता. म्हणाले, ग्रीक शब्द आहे, अर्थ मुकुट. राजाचा सोन्याचा नव्हे. शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानांचा घालत, तसला.

"मुकुट!" आत्याबाई म्हणाल्या. "आन घालून जायाचं कुठं? जोंधळ्याच्या रानात?"

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर पाळकसाहेबांनाही आलं. पण ते म्हणाले, घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवावं. म्हणजे मामंजींनी. झालं. मंडळीतल्या पंचांनी मला दोनदा येऊन समजावलं. मी म्हटलं, तुमच्या पंगतीत मला शेवटी बसवता, ते कुठल्या वचनात आहे तेवढं दाखवा, मग मी नाव बदलते. ते गेले. दाखवायला परत कुणी आलं नाही. पण 'साताऱ्याची शिकलेली, लय शेफारलीया' हे गावभर झालं.

बाप्तिस्म्याचा रविवार आला तेव्हा ऊन चांगलंच तापू लागलं होतं. आमचं देऊळ म्हणजे कौलारू छपराची एक लांब खोली. पुढे टेबल, टेबलावर पाण्याचं पितळी भांडं. मला मागे विधवांच्या बाकावर बसायला सांगितलं. बाळ वन्संच्या हातात, कारण पहिल्या मानाच्या कामाला माझा हात नको. माझं पोर, मी पाजलेलं, अंगावरचे कपडे मी शिवलेले, आणि हात मात्र वन्संचे. सकाळी बाळाला पाळण्यातून उचलतानाही कुणीतरी मला असंच थांबवलं होतं. शेजारच्या म्हातारीनं माझा हात धरून ठेवला होता. मी उठेन हे तिला कळलं असावं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि विचारलं, "या बालकाचं नाव काय ठेवता?"

मामंजी उभे राहिले. त्यांच्याआधी मी उठलेच होते. म्हातारीनं हात सोडला. मी बाकांमधून चालत गेले, वन्संच्या हातातून बाळ घेतलं. त्यांनी दिलं म्हणण्यापेक्षा मी काढून घेतलं हेच खरं. आणि म्हणाले, "स्तेफन."

 पाळकसाहेब माझ्याकडे पाहीनात, मामंजींकडे पाहत राहिले. मामंजींचं तोंड लाल झालं होतं.

"पाळकसायेब," ते म्हणाले, "वहीत निस्तं त्येवढंच लिवनार काय? का पोराला बापच न्हाई? इचारा तिला. म्हनावं, बापाचं नाव सांग."

मला अडवायलाच ते म्हणाले होते. त्यांना ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, की बाई इथे अडणार. मग मान खाली घालून मागे जाणार, आणि पुढचं पुरुष बघून घेणार. बायकांच्या बाजूला पदर तोंडाशी गेले. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "राहू द्या, मला माहीत आहे ते नाव. मी लिहितो."

"लिहू नका," मी म्हटलं. "मी सांगते."

आणि सांगितलं. उखाणा नाही, लाजणं नाही, पुढेमागे काही नाही. पहिलं नाव, त्यांच्या वडिलांचं, म्हणजे समोर उभ्या मामंजींचं नाव, आणि आडनाव. पाकिटावर लिहायची तसं पूर्ण.  भीतीनं नाही, संतापानं. एवढं सोपं होतं हे! एवढं सोपं असून मी त्या माणसाला त्याच्या जिवंतपणी त्या एका उखाण्याशिवाय कधी ऐकवलं नव्हतं.

मागे कुणीतरी "अगं बया" म्हणालं. आत्याबाईंनी डोकं आपटलं नाही. त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मामंजी दोन पावलं पुढे आले. "येतंय की तुला घ्याया!" ते म्हणाले. "सासऱ्याचंबी घेतलंस. मग आता काय अडलं? ठिव की पोराला त्येच."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी स्वतःच माझी अडचण सगळ्यांपुढे मोडून टाकली होती.  बाळ जागं झालं होतं आणि माझ्या पदराशी तोंड घालत होतं.

"येतंय, मामंजी," मी म्हटलं. "आजपास्नं घेनार. घरात घेनार, रानात घेनार. पर ते त्यांचं हाय. त्यांचं नाव घ्यायचं तर त्यांच्यासाठीच घिऊ, पोराच्या अंगावर घालून न्हाई. हा त्यांच्या जागी आल्याला न्हाई. ह्याला ह्याचं असू द्या."

 हातातला रुमाल मामंजींनी एकदा झटकला, घडी केली, परत उलगडला. मला वाटलं, आता ते निघून जाणार. पाळकसाहेबांनी वही मिटायला घेतली.

"आनि एकदा घे," मामंजी म्हणाले.

"काय?"

"त्येचं नाव. पाच म्हैनं झालं, कानावर न्हाई गं. कुनी घेतच न्हाई." त्यांचा तो दोन रानं ओलांडणारा आवाज पार बसला होता. "मला काय घेवंना. तू घे आनि एकदा."

मी बाळाला खांद्यावर घेतलं आणि नवऱ्याचं नाव घेतलं. या खेपेला बांधावरून जेवायला हाक मारतात तसं, मोठ्यानं, दोन रानं पलीकडे जाईल असं.